पाव सेकंदाचं काम

पतसंस्थांचं सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातला बराच काळ लॉगिनबद्दलची माझी मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा. त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह. तीस दिवस झाले की बदला. मागचे पाच पुन्हा चालणार नाहीत. तीनदा चुकलात तर खातं बंद, मग करा हेड ऑफिसला फोन. शाखांमधून कुरकुर यायची. मी म्हणायचे, येऊ दे. लोकांच्या ठेवी आहेत, गंमत नाही.

आज यातला एकही नियम मी जसाच्या तसा ठेवलेला नाही. आमच्याकडे डेटा फुटला, कुणी पैसे पळवले, असं काही घडलं नव्हतं. घडलं असतं तर मत बदलणं सोपं गेलं असतं. ते कणाकणाने बदललं, आणि बदलल्यावरही मी बराच काळ गप्प राहिले. त्याचं कारण फारसं शोभादायक नाही, पण ते पुढे येईलच.

आधी जुन्या मताची बाजू मांडते, कारण ते काही मूर्खपणाचं मत नव्हतं. १९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी युनिक्सवरच्या पासवर्डांबद्दल एक निबंध लिहिला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले. १५ जणांनी पासवर्ड म्हणून एकच अक्षर ठेवलं होतं. ७२ जणांनी दोन. ४६४ जणांनी तीन. शब्दकोशातले शब्द, नावं वगैरे धरून ८६ टक्के पासवर्ड थोड्याशा खटपटीत सापडण्याजोगे निघाले. हा आकडा मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहायचे. पाठोपाठ सांगायचे की याच मॉरिसच्या मुलाने १९८८ साली इंटरनेटवर तो प्रसिद्ध वर्म सोडला, त्याच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती आणि ती घेऊन तो मशीनमागून मशीनचे पासवर्ड ओळखत सुटला. बापाने कागदावर मांडलं ते पोराने करून दाखवलं. इथे हशा हमखास.

तेव्हा निष्कर्ष सरळ दिसत होता. माणसं आळशी आहेत, त्यांना शिस्त लावली पाहिजे. २००३ साली बिल बर यांनी अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेसाठी जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्या परिशिष्टातून मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीत बदल ही सगळी शिस्त जगभर गेली. आपल्याकडे ती ऑडिटच्या छापील तक्त्यात येऊन बसली. तक्त्यात रकाना आहे म्हटल्यावर तो भरावाच लागतो. मी तो अभिमानाने भरत असे.

पहिला खडा लागला तो एका तालुक्याच्या शाखेत. नवी आवृत्ती बसवायला गेले होते. कॅशिअर बाईंच्या पडद्यावर 'पासवर्डची मुदत संपली' असं आलं. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि एका दमात नवा पासवर्ड टाकला. मी विचारलं, कॅलेंडर कशाला? त्यांनी कसलाही संकोच न करता सांगितलं. चैत्र@१, वैशाख@२, ज्येष्ठ@३. सगळं इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं. माघाची इंग्रजीत आठ अक्षरं भरत नव्हती, म्हणून त्यात एक 'ए' जास्त घातला होता. मी म्हटलं, आणि अधिक महिना आला की? त्या म्हणाल्या, "अधिक@१३. त्याला आठ पुरतात, ताई."

हा काही त्या बाईंचा एकटीचा शोध नव्हता. अख्खी शाखा तेच वापरत होती. शाखाधिकाऱ्यांनीच पाडलेला पायंडा होता तो. कुणी रजेवर गेलं तर त्याचं टेबल अडू नये. माझ्या नियमांत कुठेच खोट नव्हती. मोठं अक्षर होतं, आकडा होता, चिन्ह होतं, दर महिन्याला बदल होता, आणि मागचे पाचच काय, मागचे अकरा पासवर्डही वेगळे होते. आमच्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या अहवालात ती शाखा पहिल्या नंबरावर होती.

त्यावर मी काय केलं? पुण्याला परत येऊन महिन्यांच्या नावांवर बंदी घातली. म्हणजे मत बदललं नाहीच, उलट नियमांत एकाची भर पडली. पुढे कळलं की शाखेने नक्षत्रांवर बस्तान हलवलं, आणि ती सत्तावीस आहेत.

२०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. विद्यापीठाच्या ७,७०० हून अधिक बंद खात्यांचे पासवर्ड त्यांनी तपासले. या खात्यांना ठरावीक मुदतीत पासवर्ड बदलायची सक्ती होती. त्यांना दिसलं असं की जुना पासवर्ड हाती असेल, तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता येतो. चोरलेली फाइल घरी बसून फोडायची असेल, तर ४१ टक्के खाती प्रत्येकी तीन सेकंदांत. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, चिन्ह मागचं पुढे करतात, 'एस'च्या जागी डॉलर घालतात. चैत्रानंतर वैशाख येतो हे ओळखायला फार डोकं लागत नाही, तसंच.

तो अभ्यास मी वाचला आणि बाजूला ठेवला. अमेरिकेतली विद्यापीठं, तिथली मुलं, आपल्याला काय लागू? नक्षत्रांचं माहीत असूनही मी असं म्हणाले याचं आज मला आश्चर्य वाटतं. पण मत म्हणजे नुसती माहिती नसते. त्यावर आपण ट्रेनिंग घेतलेली असतात, माणसांना झापलेलं असतं.

खरा धक्का पडद्याच्या पलीकडच्या बाजूने बसला. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचा डेटाबेस फुटला होता. ३ कोटी २० लाख पासवर्ड, आणि सगळे जसेच्या तसे वाचता येतील असे ठेवलेले. बातम्यांमध्ये गाजलं ते हे की सर्वाधिक लोकांचा पासवर्ड '१२३४५६' होता. मीही तेवढंच उचललं होतं, फळ्यावर लिहायला. पण जून २०१२ मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख पासवर्ड बाहेर आले (खरा आकडा ११ कोटींच्या पुढे होता, हे २०१६ मध्ये उघड झालं), तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने जेवता जेवता विचारलं, "रॉकयूवर ज्याने वीस अक्षरांचा, चिन्हाबिन्हांचा पासवर्ड ठेवला असेल, त्याचं काय झालं?" काय होणार? '१२३४५६'वाल्याचं झालं तेच. दोघांचे पासवर्ड एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक, वाचता येतील असे. एकाने शिस्त पाळली, दुसऱ्याने नाही. दोघांना गंडवलं ते तपासणाऱ्याने.

मी जेवण संपवलं आणि आमच्या डेटाबेसमधलं पासवर्डांचं टेबल उघडून पाहिलं. त्यात काय आहे हे मला अर्थातच माहीत होतं, पण या नजरेने मी ते कधी पाहिलं नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. लॉगिन तपासायला सर्व्हरने पासवर्ड जपून ठेवण्याची गरजच नसते. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी १९६०च्या दशकातच ही युक्ती काढली: पासवर्ड एका अशा गणिती क्रियेतून काढायचा की जी उलटी फिरवता येत नाही, आणि फक्त निघालेलं उत्तर, म्हणजे हॅश, साठवायचं. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. लॉगिन करताना माणूस पासवर्ड देतो, तो पुन्हा त्याच क्रियेतून काढायचा आणि दोन उत्तरं जुळतात का ते पाहायचं. लिंक्डइनने एवढं केलं होतं. पण दोन गोष्टी केल्या नव्हत्या. एक, प्रत्येक खात्यासाठी वेगळी, ओळखता न येणारी भर, जिला सॉल्ट म्हणतात, ती घातली नव्हती. त्यामुळे एकच पासवर्ड ठेवणाऱ्या हजारो लोकांचा हॅशही एकच, एकाचा फुटला की सगळ्यांचा फुटला. आणि दुसरं, वापरलेली क्रिया एसएचए-१ ही अतिशय वेगवान होती. वेग हा तिचा गुणच. मोठमोठ्या फायली तपासायला ती केलेली आहे.

आमच्या टेबलात एमडी५ होतं, त्याहून वेगवान, आणि सॉल्टच्या जागी सगळ्यांना मिळून एकच शब्द. त्या काळात लिहिलेल्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये असंच सापडेल.

मग मी हिशेब मांडला. तो आज मांडते तेव्हा आजचे आकडे घेते, म्हणजे चित्र नीट दिसेल. गेम खेळायला मिळणारं आजचं एक भारी ग्राफिक्स कार्ड एमडी५चे सेकंदाला दीडशे अब्जांहून जास्त प्रयत्न करतं. कीबोर्डवरची ९५ चिन्हं घेऊन आठ अक्षरांचे जितके पासवर्ड होऊ शकतात, तितके सगळे अकरा-बारा तासांत संपतात. सगळे. म्हणजे माझे चारही नियम पाळून, मनापासून कठीण केलेला आठ अक्षरी पासवर्डसुद्धा रात्री कार्ड लावून झोपलं तर सकाळच्या चहाच्या सुमारास हाती. आता टेबलात एमडी५ऐवजी बीक्रिप्ट ठेवा. १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी ते मांडलं, आणि त्याचं वैशिष्ट्य असं की ते मुद्दाम संथ आहे. किती संथ, ते एका आकड्याने ठरवता येतं. हा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट. तो १२ वर ठेवला तर साध्या सर्व्हरला एक पासवर्ड तपासायला साधारण पाव सेकंद लागतो. माणसाला तो जाणवतही नाही. पण तेच ग्राफिक्स कार्ड आता सेकंदाला हजार-दीड हजार प्रयत्नांवर येतं, आणि तोच आठ अक्षरी पासवर्ड धुंडाळायला दीड लाख वर्षांच्या आसपास लागतात.

बारा तास आणि दीड लाख वर्षं. यात कॅशिअर बाईंनी काहीही वेगळं केलेलं नाही. जे काही केलं ते आम्ही, आमच्या बाजूला, एका ओळीत.

नंतर मॉरिस-थॉम्प्सनचा निबंध पुन्हा काढून वाचला. ८६ टक्क्यांचा तक्ता हा त्यातला थोडासाच भाग आहे. पुढे ते सांगतात की त्यांनी पासवर्ड तपासायची क्रिया २५ वेळा फिरवून मुद्दाम सावकाश केली, आणि १२ बिटांचं सॉल्ट घातलं, म्हणजे एकाच पासवर्डची ४,०९६ वेगवेगळी रूपं. लोकांनी बरे पासवर्ड निवडावेत म्हणून आग्रह धरणारा प्रोग्रॅमही त्यांनी लिहिला, पण तेवढ्यावर विसंबले नाहीत. हे सगळं १९७९ सालचं. मी त्यातलं लोकांना रागवायला उपयोगी तेवढं घेतलं होतं.

बीक्रिप्ट आम्ही बसवलं. बदल करतानाची एक गोष्ट मला अजून फार आवडते. जुन्या एमडी५मधून मूळ पासवर्ड काढता येत नाही, मग नवा हॅश करायचा कशाचा? तर माणूस लॉगिन करतो तो क्षण पकडायचा. तेवढ्या क्षणापुरता खरा पासवर्ड सर्व्हरच्या हाती असतो. जुन्या पद्धतीने तपासला, जुळला, लगेच नव्या पद्धतीने हॅश करून ठेवला, जुना पुसला. सोमवारी सकाळी शाखा उघडल्या आणि दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त टेबल बदललेलं होतं. कुणाला काही कळलं नाही. जे लॉगिन करतच नाहीत, त्यांच्या जुन्या हॅशलाच बीक्रिप्टमध्ये गुंडाळून ठेवलं.

त्यानंतर तपासणीच्या त्या पाव सेकंदाकडे मी जास्त बारकाईने बघायला लागले, आणि त्यात कितीतरी भानगडी निघाल्या. नाव चुकीचं असेल तर आमचा सर्व्हर लगेच 'असा वापरकर्ता नाही' म्हणायचा. नाव बरोबर आणि पासवर्ड चूक असेल तर पाव सेकंद थांबून 'पासवर्ड चुकला'. म्हणजे बाहेरच्या माणसाला घड्याळ लावून कळणार की कोणती नावं खरी आहेत. आता नाव नसलं तरी एका खोट्या हॅशवर तेवढीच मेहनत होते आणि दोन्हीला एकच उत्तर मिळतं: नाव किंवा पासवर्ड चुकला. तुलनासुद्धा पहिल्या चुकीच्या अक्षराशी थांबत नाही, शेवटपर्यंत जाते. १९७०च्या दशकात टेनेक्स नावाच्या प्रणालीत पासवर्ड एकेक अक्षर करून तपासला जायचा, आणि तपासणी कुठल्या अक्षरापाशी थांबली हे मेमरीच्या पानांच्या हालचालीवरून कळायचं, त्यामुळे अख्खा पासवर्ड अक्षर-अक्षर करत काढता यायचा. तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे, तरी ती नव्याने विसरली जाते.

आणि लॉग. २०१८ साली ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. त्यांच्या टेबलात बीक्रिप्टच होतं. पण हॅश व्हायच्या आधी पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसनचा डेटा फुटला तेव्हाही बीक्रिप्ट होतं, आकडाही १२. मात्र त्याच डेटाबेसमध्ये दुसऱ्या कामासाठी एक एमडी५ची किल्ली ठेवलेली होती आणि ती नाव व पासवर्ड मिळून केलेली. फोडणाऱ्यांनी बीक्रिप्टच्या नादी न लागता ती किल्ली धरली आणि १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड काढले. हे वाचल्यावर आम्ही आमचे लॉग चाळले. काय सापडलं ते सांगत नाही. आता तिथे नाही.

इथवर मी मनाने पूर्ण फिरले होते. तरीही तीस दिवसांचा नियम तसाच होता, मोठ्या अक्षराचा नियम तसाच होता, आणि ट्रेनिंगमध्ये मी ते सांगत होते. कारण साधं होतं: ऑडिटर. त्याला 'आमचं मत बदललं' असं सांगता येत नाही, कागद दाखवावा लागतो. माझ्याकडे कागद नव्हता. पाव सेकंदाचं कौतुक ऑडिटच्या तक्त्यात कुठे लिहिणार?

कागद २०१७च्या जूनमध्ये आला. निस्टने मार्गदर्शिका नव्याने लिहिली आणि सांगितलं की अक्षर-आकडा-चिन्हांची सक्ती नको, उगाच मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. किमान ६४ अक्षरांपर्यंतचे पासवर्ड घ्या. पेस्ट करू द्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिल बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की आपण तेव्हा जे लिहिलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. हाताशी खऱ्या पासवर्डांचा डेटा नव्हता आणि १९८०च्या दशकातल्या एका जुन्या टिपणावर भिस्त ठेवावी लागली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे मोकळेपणाने सांगितलं. ते वाचून मला आधी बरं वाटलं, मग थोडी लाज वाटली, कारण ते म्हणेपर्यंत मी थांबले होते.

नियम काढले तेव्हा शाखांना विश्वास बसेना. तीन शाखांमधून फोन आले, की महिना उलटला तरी सिस्टिम पासवर्ड मागत नाही, काही बिघडलंय का.

पण नियम काढले म्हणजे काहीही चालेल असं नाही. बीक्रिप्ट कितीही संथ असलं तरी '१२३४५६' पहिल्याच प्रयत्नात सापडतो. दीड लाख वर्षांचा हिशेब फक्त न ओळखता येणाऱ्या पासवर्डाला लागू आहे. म्हणून आता नवा पासवर्ड आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का, हे पाहतो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने अशा कोट्यवधी पासवर्डांची यादी सर्वांना खुली केली आहे, आणि ती विचारायची रीत फार हुशारीची आहे: पासवर्डाच्या हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची, तिकडून त्या पाचने सुरू होणारे सगळे हॅश येतात, जुळणी आपल्याकडेच करायची. तिकडच्याला आपला पासवर्ड कळत नाही. त्याला आम्ही आमची गावठी यादी जोडली. संस्थेचं नाव, शाखेच्या गावाचं नाव, देवस्थान, महिने, नक्षत्रं, या सगळ्यांपुढे वर्ष किंवा १२३. अडवलं तर कारणही सांगतो; पूर्वी नुसतं 'अमान्य' यायचं.

तीनदा चुकलात की बंद, हा नियमही गेला. त्याची उपयुक्तता मला मान्य आहे. एटीएमचा चार आकडी पिन चालतो तो याच जोरावर, कारण दहा हजार शक्यता असल्या तरी मशीन तीनच संधी देतं. पण ३१ मार्चला संध्याकाळी शाखाधिकाऱ्याचं नाव माहीत असलेला कुणीही, चिडलेला कर्मचारी असो की खोडसाळ पोरगा, तीनदा वाट्टेल ते टाइप करून शाखेची वर्षअखेर अडवू शकतो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आता प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ वाढत जातो. निस्टही सलग शंभर चुकांपर्यंत मुभा देतं.

आणि शाखेचा तो सामाईक पासवर्ड? तो पासवर्डाचा प्रश्नच नव्हता. रजेवरच्या माणसाचं काम दुसऱ्याला करता यावं अशी सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. ती करून दिली. आता शाखाधिकारी दोन दिवसांपुरते अधिकार दुसऱ्याच्या नावाने देऊ शकतात आणि कुणी काय केलं ते त्याच्याच नावावर नोंदलं जातं. ही सोय लिहायला लागलेली मेहनत माझ्या सगळ्या नियमांना मिळून लागलेल्या मेहनतीपेक्षा कमी होती, हे जरा झोंबतं.

लांब पासवर्ड मोकळे केल्यावर एक मजा झाली. मी म्हटलं, अख्खं मराठी वाक्यच ठेवा ना, देवनागरीत. लक्षात राहील, कुणाला ओळखता येणार नाही. टीममधल्या एकाने ठेवलं: 'मामाच्या विहिरीत कासव होतं', आणि त्यापुढे आणखी दोन शब्द. एक दिवस त्याने घाईत शेवटचे शब्द चुकीचे टाकले आणि तरी आत गेला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा गेला. कारण बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच पाहतं आणि त्याच्या पुष्कळ लायब्ररी पुढचं गुपचूप टाकून देतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, काना-मात्रेला वेगळे तीन, अनुस्वारालाही तीन. 'मामाच्या' या एका शब्दाचे २४ झाले. 'होतं'पर्यंत मोजलं तर मधल्या मोकळ्या जागांसकट बरोबर ७२ भरतात. कासवाचं पुढे काय झालं, याच्याशी सर्व्हरला कर्तव्य नव्हतं. ज्यांनी हे बनवलं त्यांच्यासमोर इंग्रजी वाक्यं होती. त्यांना ७२ म्हणजे ऐसपैस वाटलं असणार.

दुसरी भानगड त्याहून मराठी. 'वऱ्हाड' हा शब्द संगणकावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो. त्यातला 'ऱ' एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, किंवा 'र'ला खाली नुक्ता जोडून, किंवा 'र'चा पाय मोडून मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखे. हॅश तीन वेगळे. ऑफिसातल्या कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड मोबाइलवर चालेना तो याच कारणाने. युनिकोडमध्ये अशी रूपं एक करून घ्यायची पद्धत आहे आणि हॅशच्या आधी ती लावा असं निस्टही सांगतं. तिने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. तो आम्ही हाताने एक केला, फक्त 'ऱ'पुरता. मराठीसाठी कुणी दुसरं हे करून ठेवेल अशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

त्या निमित्ताने बीक्रिप्टवरून आम्ही आर्गॉन२ वर आलो. २०१५ साली पासवर्ड हॅशिंगची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली होती. त्याला ७२ची मर्यादा नाही, आणि ते वेळेबरोबर मेमरीही भरपूर मागतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवर एका वेळी हजारो प्रयत्न चालवणं महाग पडतं. पुन्हा तीच सोमवारची युक्ती.

ऑडिटरशी वाद अजून संपलेला नाही. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय मानकात पासवर्ड हा एकटाच पुरावा असेल तर ९० दिवसांत बदलाची अट आजही पर्याय म्हणून आहे, आणि तो बोट ठेवून ती दाखवतो. मी निस्ट दाखवते. आमची पतसंस्था कार्ड देत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. टीममधली मुलं म्हणतात, पासवर्डच काढून टाकू, त्याऐवजी फोनमध्ये किंवा मशीनमध्ये राहणारी किल्ली, म्हणजे पासकी, आणू. त्यांचं म्हणणं बरोबर असेल. पण एका काउंटरवरच्या एका मशीनवर दिवसभरात चार जण बसतात, पिग्मी एजंटांकडे वाट्टेल तसले फोन आहेत, आणि या मांडणीत पासकी कुणाच्या खिशात राहणार याचं उत्तर अजून कुणी मला दिलेलं नाही. या वेळी मी 'नाही' म्हटलेलं नाही, फक्त एका शाखेत करून दाखवा म्हटलंय.

सध्या टेबलात काही ओळी अजून जुन्याच उरल्या आहेत, एमडी५ पोटात घेऊन बसलेल्या. निवृत्त झालेले, सोडून गेलेले, वारलेले. ते लॉगिन करणार नाहीत, त्यामुळे त्यांचा हॅश कधीच बदलणार नाही. पूर्वी मी या ओळी रेकॉर्ड म्हणून जपल्या असत्या. व्यवहारांच्या नोंदी नावासकट राहतीलच. फक्त पासवर्डाचा रकाना रिकामा करायचा आहे. विषय पुढच्या मासिक सभेच्या पत्रिकेवर घातला आहे, कर्ज वसुलीच्या खाली, सहाव्या क्रमांकावर.